पाळणाघराच्या वहीतून: सोसायटीचा एक राहून गेलेला इतिहास

स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहून द्या, असं संपादक मंडळानं मला सांगितलं, तेव्हा मी आधी ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं. मी पाच वर्षं सचिव होतो, त्यामुळे कुठे काय असेल याचा अंदाज होता. नोंदणीचं प्रमाणपत्र, इतिवृत्ताची बाडं, बोअरवेलची बिलं, गच्चीच्या गळतीवरून झालेला पत्रव्यवहार, सगळं जागच्या जागी सापडलं. या सगळ्याच्या खाली खाकी कव्हर घातलेले पाच लांबट रजिस्टर होते. वर ठळक अक्षरात लिहिलेलं, 'पालकपत्र'.

हे आपल्या पाळणाघराचे रजिस्टर. दर ऋतूला पालकांना दिलेलं पत्र, मधूनमधून काढलेल्या छोट्या सूचना आणि खाली पालकांच्या सह्या. सुरुवातीची पत्रं कार्बन लावून हातानं लिहिलेली, नंतरची टाइप करून डिंकानं चिकटवलेली. दुपारी चार वाजता वाचायला बसलो. सौ. बोलवायला आल्या तेव्हा दिवे लागून गेले होते. इतिवृत्तात आपल्या सोसायटीचे ठराव आहेत. या रजिस्टरांत आपली माणसं आहेत, म्हणून मी यांच्यावरच लिहायचं ठरवलं. गळतीचा इतिहास दुसरं कोणीतरी लिहील.

सुरुवात, आणि माझा वर झालेला हात

१९९९ साली आपली सोसायटी नोंदली गेली. तेव्हा मनीषनगरच्या रेल्वे फाटकापलीकडे राहायला जायचं म्हटलं की नातेवाईक विचारायचे, "इतक्या दूर काऊन चालले?" वस्ती नवी, बहुतेक जोडपी तरुण, आणि दोघंही नोकरीवाले. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी मेडिकलला नर्स, कोणी बुटीबोरीच्या कारखान्यात. सासू-सासरे गावाकडे, कोणाचे वर्ध्याला, कोणाचे यवतमाळला.

२००१ च्या आमसभेत चार सभासद भगिनींनी अर्ज दिला. तळमजल्यावरची, मीटर रूमशेजारची मोठी खोली रिकामी आहे, ती पाळणाघराला द्या; बाई आम्ही शोधतो, पगार फीमधून देतो. सोसायटीनं फक्त जागा आणि वीज द्यायची. या अर्जावर बरीच गरमागरमी झाली. इतिवृत्तात एकच ओळ आहे, 'चर्चेअंती ठराव बहुमताने संमत.' विरोधात सात हात वर झाले होते. त्यातला एक माझा होता.

माझं म्हणणं असं होतं की लहान मुलं आईजवळ नाहीतर आजीजवळ वाढावीत. सोसायटीनं हा उद्योग कशाला करावा? घरी येऊन हेच मी जरा जोरात सांगितलं. माझे वडील तेव्हा आमच्याकडेच असत. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "माझी आई मिलमध्ये रीलिंगला जायची. मी मिलच्या पाळणाघरातच मोठा झालो. माझं काय वाईट झालं रे?" मला हे माहीतच नव्हतं. पन्नाशीच्या जवळ आलेल्या माणसाला आपली आजी कामाला जाताना बापाला कुठे ठेवायची, हे माहीत नसावं, याचं नंतर वाईट वाटलं. त्या संध्याकाळी मात्र मी गप्प जेवलो आणि मत बदललं नाही.

नागपुरातली जुनी पाळणाघरं

पाळणाघर हे फ्लॅटवाल्यांचं नवं खूळ आहे, असं मला वाटायचं. वडिलांच्या बोलण्यानंतर हळूहळू वाचत गेलो, तेव्हा कळलं की आपल्या शहरात त्याला मोठा इतिहास आहे.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून त्याच दिवशी जाहीर करण्यात आलं, म्हणून मिलचं नाव एम्प्रेस. कापूस वऱ्हाड-नागपूरचा, आणि कामाला आजूबाजूच्या वस्त्यांतली माणसं. कापडगिरण्यांत बायका मुख्यतः रीलिंग आणि वाइंडिंगच्या खात्यात असत. तान्हं मूल घरी ठेवायला कोणी नसलं की दोनच उपाय उरायचे. एक, मूल सोबत नेऊन सुताच्या धुळीत, मशीनच्या आवाजात टोपलीत निजवायचं. दुसरा, त्याला अफूची 'बाळगोळी' चाटवून दिवसभर झोपवून ठेवायचं. ही बाळगोळी मुंबईच्या गिरणगावात किती चालायची, याची वर्णनं त्या काळच्या लिखाणात आहेत. आया दुष्ट होत्या म्हणून हे होत नव्हतं. पाळी चुकली तर रोजी जायची आणि मूल रडलं तर शेजारीण तक्रार करायची, म्हणून व्हायचं.

कामगारांच्या सोयींबाबत एम्प्रेस मिल इतर गिरण्यांच्या पुढे होती. तिथे कामगार बायकांच्या मुलांसाठी पाळणाघरही होतं. कायदा मागून आला. मुंबई इलाख्यानं १९२९ साली प्रसूती लाभाचा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी, १९३० साली, आपल्या मध्य प्रांतानं. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कलम ४८ आलं: पन्नासपेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी हवेशीर, स्वच्छ खोली आणि शिकलेली बाई पाहिजे. १९७६ साली हा आकडा तीसवर आणला. १९६६ च्या बिडी कामगार कायद्यातही पाळणाघर होतं. पण आपल्या विदर्भात भंडारा-गोंदियाकडे बिड्या वळणाऱ्या बहुतेक बायका घरीच बसून काम करत, त्यांच्यापर्यंत कारखान्याची खोली पोचणार कशी?

दुसरी धारा शिक्षणाची. ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं आपल्या शेजारच्या अमरावतीत राहिल्या होत्या. पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करू लागल्या, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झालं, आणि १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांनी जे केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना त्यांचीच. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटली. ताराबाईंनी मराठी 'शिक्षणपत्रिका' कित्येक वर्षं चालवली, आणि ती मुख्यतः मोठ्यांसाठी होती. मूल समजून घ्यायचं असेल तर आधी आईबापांशी बोलत राहिलं पाहिजे, असा त्यामागचा विचार. आपल्या पाळणाघराच्या ताईंनी ती पत्रिका पाहिली होती की नाही, कोण जाणे. पण पहिल्या दिवसापासून त्यांनी पालकपत्र काढायला घेतलं, ते याच समजुतीनं.

उन्हाळ्याचं पत्र

पहिल्या वर्षी अकरा मुलं, फी महिना ३५० रुपये, ताईंचा पगार ९०० आणि मदतनीस मावशींचा ५००. हे सगळं पहिल्या पानावर लिहिलेलं आहे. मुलं खोलीला 'खालचं घर' म्हणायची.

नागपूरच्या पाळणाघराचं खरं वर्ष सुरू होतं एप्रिलमध्ये. विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. ऑफिसं मात्र चालूच असतात. त्यामुळे उन्हाळ्यात मोठी भावंडंही पाळणाघरात येत आणि अकराची अठरा-वीस मुलं होत. पहिल्याच उन्हाळी पत्रात ताईंनी वेळ अर्धा तास अलीकडे घेतली, म्हणजे मुलांना उन्हातून आणायला नको. बारा ते चार कोणत्याही मुलाला बाहेर पाठवणार नाही, घ्यायला आलात तरी बसून राहा, पाणी प्या, मग न्या, असं स्पष्ट लिहिलं. पुढे एक ओळ आहे: "खिशात कांदा असू द्या, आमची हरकत नाही, पण हातात पाण्याची बाटली असू द्या."

डब्यात काय द्यायचं याची यादी दर वर्षी आहे. ताक, कैरीचं पन्हं, टरबूज, दही-भात. 'काय देऊ नये' या यादीत रात्रीचं उरलेलं मटण एकदा ठळक अक्षरात आलं आहे. सावजी रस्सा तीन वर्षांच्या मुलाच्या डब्यात देणारा गृहस्थ कोण, हे आम्हा जुन्या सभासदांना माहीत आहे. नाव घेत नाही.

लोडशेडिंगच्या वर्षांतली पत्रं वाचताना घाम येतो. पंखा-कूलर बंद, खोलीत सतरा मुलं. ताईंनी पालकांकडून जुन्या सुती चादरी मागवल्या. त्या ओल्या करून खिडक्यांना लावायच्या, वाळ्याची एक ताटी दाराला, आणि मुलांना फरशीवर निजवायचं. शेवटी चौथ्या मजल्यावरच्या एका काकांनी स्वतःचा इन्व्हर्टर खाली आणून दिला. हे काका २००१ साली विरोधात हात वर करणाऱ्या सातांपैकीच होते.

२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. त्या आठवड्याची सूचना दोनच ओळींची आहे: "नवतपा लागण्याआधीच ही गत आहे. ज्यांना रजा मिळते त्यांनी घ्यावी. ज्यांना मिळत नाही त्यांनी काळजी करू नये, आम्ही आहोत." खाली चौदा सह्या. म्हणजे रजा फार कोणाला मिळाली नसावी.

पावसाळा आणि कूलरचं पाणी

पावसाळ्याच्या पत्रात कपड्यांचे दोन जोड, उकळलेलं पाणी, नखं, उवा हे विषय दर वर्षी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ताप. तोंडात फोड, हातापायावर पुरळ असलं की मूल आठवडाभर घरी ठेवा, ही सूचना पालकांना सगळ्यात जड जायची. रजा कुठून आणणार? एका आईनं सहीशेजारी लिहिलं आहे, "मान्य, पण साहेबांना तुम्ही सांगा." ताईंनी खरंच त्या आईच्या ऑफिसला चिठ्ठी लिहून दिली. तिची कार्बन प्रत रजिस्टरमध्ये आहे.

डेंग्यूबद्दल त्यांचा कटाक्ष होता. उन्हाळा संपला की नागपुरात घरोघरी कूलर तसेच पडून राहतात, टाकीत पाणी, आणि त्याच स्वच्छ साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. "कूलर रिकामा करा, कोरडा पुसा, मगच झाका." हे वाक्य सगळ्या रजिस्टरांत मिळून मी मोजलं, एकवीस वेळा आलं आहे. एका वर्षी त्या स्वतः मुलांची रांग घेऊन जिने चढल्या आणि दारोदारी विचारलं, "काकू, तुमचा कूलर कोरडा आहे का?" चार वर्षांच्या पोरानं विचारल्यावर खोटं कोण बोलणार? महानगरपालिकेचे लोक तपासणीला आले तेव्हा आपल्या इमारतीत एकही कूलर भरलेला सापडला नाही.

पोलिओच्या रविवारी बूथ याच खोलीत लागायचा. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यानंतरच्या पत्रात ताईंनी लिहिलं, "यात आपल्या खोलीचेही दोन थेंब आहेत."

तान्हा पोळा, २००७

आता जे लिहितो आहे ते सांगावं की नाही, यावर बराच विचार केला. पण इतिहास लिहायचा तर हेही आलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा. मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात, घरोघरी बोजारा मागतात. त्याच दिवशी जुन्या नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. १८८० च्या दशकापासून ही प्रथा असल्याचं सांगतात. सरकारी ऑफिसांना त्या दिवशी बहुतेक सुट्टी असते, खाजगी नोकरीवाल्यांना नसते. म्हणून पाळणाघर चालू होतं. मुलांचे छोटे बैल सजवून आवारात मिरवणूक काढायची, असं आधीच्या पत्रात ठरलेलं.

मिरवणूक रंगात असताना बाहेरच्या रस्त्यानं दुसऱ्या वस्तीतली मुलं बैल घेऊन, ढोलकी वाजवत गेली. गेट उघडं होतं. साडेतीन वर्षांचा एक मुलगा आपला बैल ओढत त्यांच्यामागे निघून गेला. दहा मिनिटांनी मोजदाद केली तेव्हा एक कमी. मावशी फाटकाकडे धावल्या, ताई दुसरीकडे, मी स्कूटर काढली. फाटकाचं नाव मनात येताच पोटात गोळा उठला होता. चाळीस मिनिटांनी तो दोन गल्ल्या पलीकडे एका मंदिराच्या ओट्यावर सापडला. एका आजींनी त्याला मांडीवर घेऊन बुंदी खायला दिली होती. त्याच्या मुठीत बोजाऱ्याचे दोन रुपये होते.

मी तेव्हा सचिव होतो. संध्याकाळी ताईंना बोलावून मी सांगितलं, मूल मिळालं, त्याच्या आईवडिलांना सगळं सांगितलं, आता विषय वाढवू नका. पत्रात काही लिहू नका. सोसायटीचं नाव खराब होईल, उद्या कोणी पोलिसात जाईल, ही माझी भीती. गेटला रखवालदार ठेवायचा ठराव दोन वर्षं मीच पुढे ढकलत होतो, हेही मला टोचत होतं. ताई फक्त "बरं" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूचना लागली. पूर्ण हातानं लिहिलेली, एक पान. काल काय झालं, किती वाजता झालं, मूल किती वेळ नजरेआड होतं, कोणाला कुठे सापडलं. पुढे: "गेट उघडं होतं हे मी पाहायला हवं होतं. चूक माझी आहे. आजपासून बाहेर जाताना दोरी धरून रांग, आणि दर पंधरा मिनिटांनी मोजणी. ज्यांना मूल काढून न्यायचं असेल त्यांची उरलेली फी परत मिळेल." माझ्याबद्दल, ठरावाबद्दल एक अक्षर नाही.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? दोन कुटुंबांनी मुलं काढली. बाकी पंधरांनी सही केली. ज्याचा मुलगा हरवला होता त्याच्या आईनंही सही केली आणि खाली लिहिलं, "उद्यापासून नियमित पाठवू." पुढच्याच आठवड्यात कमिटीनं रखवालदाराचा ठराव केला. तो मांडला मीच. आज गेटवर जो माणूस बसतो, त्याची सुरुवात त्या पानातून झाली.

दिवाळी, थंडी, आणि जिन्यावरची मुलगी

दिवाळीचं पत्र आनंदाचं. अंगणात किल्ला, मातीचे मावळे, सुट्ट्यांची यादी. दसऱ्याला पाळणाघर बंद असे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देशभरातून लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात आणि आपल्यातलीही बरीच कुटुंबं त्या दिवशी तिथे असतात. २००९ च्या दिवाळीच्या पत्रात ताईंनी पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं आहे: "मावशींना दर वर्षी साड्या मिळतात, त्याबद्दल आभार. यंदा साडी नको, रोख द्यावी. त्यांच्या मुलीची कॉलेजची फी आहे."

डिसेंबरात अधिवेशन. मोर्चे, बंद रस्ते, आणि घ्यायला येणाऱ्या पालकांना उशीर. साडेसहानंतर दर पंधरा मिनिटांना दहा रुपये दंड होता, पण 'फाटक बंद होतं' हे कारण माफ. फाटकावर पूल झाल्यावर ताईंनी लिहिलं, "आता नवीन कारण शोधावे." २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला, त्या दिवशी खोलीत शेगडी पेटवायची नाही, धूर कोंडतो, स्वेटरचा एक थर वाढवा, अशी सूचना आहे. संक्रांतीला सगळ्यांचं मिळून बोरनहाण, आणि नायलॉन मांजा घरात आणू नका ही विनंती.

२००४ सालच्या हिवाळ्याच्या पत्रात मात्र एक वेगळीच ओळ आहे: "आजपासून आपल्यात एक नवी मैत्रीण आली आहे." आपल्या चार घरी धुणंभांडी करणाऱ्या बाईंची ती मुलगी, दोन-अडीच वर्षांची. आई काम संपवेपर्यंत ती जिन्याच्या पायरीवर बसून राहायची. थंडीत एक दिवस ताईंनी तिला उचलून आत आणलं. यावर सभासदांची तक्रार झाली: फी नाही, सभासदत्व नाही, मग कशी घेतली? मोठी चर्चा झाली. त्या सभेत मी वडिलांची गोष्ट सांगितली. आमच्या घरातली रीलिंगवाली आजी मी चारचौघांत पहिल्यांदा उच्चारली. इथे काम करणाऱ्यांची मुलं निम्म्या फीत घ्यायची आणि उरलेली निम्मी सोसायटीनं भरायची, असा ठराव झाला. माझ्या सगळ्या कारकिर्दीत ज्या ठरावाचा मला अभिमान वाटतो, तो हा एक.

वही कुठे थांबते

पाचवं रजिस्टर मार्च २०२० मध्ये थांबतं. ११ मार्चला नागपुरात करोनाचा पहिला रुग्ण सापडला. त्यानंतर लगेचच शेवटची नोंद: "पुढील सूचनेपर्यंत पाळणाघर बंद. मुलांचे कपडे, बाटल्या धुऊन ठेवल्या आहेत. येताना घेऊन जाणे." त्यानंतर कोरी पानं. त्या काळात ताई रोज रात्री आठला मोबाइलवर मुलांना गोष्ट पाठवायच्या. त्या गोष्टी आता कोणाकडेच नाहीत. फोन बदलले, मेसेज पुसले गेले.

पाळणाघर पुन्हा सुरू झालं, पण सूचना आता व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन शहराचा मोठा भाग पाण्यात गेला, तेव्हा 'आज बंद' हा निरोप पाच मिनिटांत सगळ्यांना पोचला. सोय मोठीच आहे. पण वीस वर्षांनी कपाट उघडणाऱ्याला काही सापडणार नाही.

आता प्रश्न खोलीचा

सगळ्यांना ठाऊक आहे की येत्या आमसभेत तळमजल्याच्या खोलीचा विषय आहे. एकेकाळी बावीस मुलं होती, आज नऊ आहेत. आपण मूळचे सभासद साठीच्या पुढे गेलो, मुलं पुण्या-बंगलोरला, काही परदेशात. खोलीत व्यायामशाळा करावी, ज्येष्ठांसाठी फिजिओथेरपीची सोय करावी, असे प्रस्ताव आहेत. जवळच एसी आणि कॅमेरे असलेली दोन पाळणाघरं निघाली आहेत, हेही खरं. व्यायामशाळा मागणारे आपलेच लोक आहेत आणि त्यांचे गुडघे माझ्यासारखेच दुखतात. त्यामुळे त्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही.

फक्त तीन गोष्टी नोंदवतो. पहिली, नऊपैकी चार मुलं भाडेकरूंची आहेत, तीन आपल्याकडे काम करणाऱ्या बायकांची. म्हणजे ज्यांना आमसभेत मत नाही, त्यांनाच या खोलीची गरज जास्त आहे. दुसरी, २०१७ च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं, पण नऊतल्या किती आयांच्या ऑफिसला पन्नास माणसं असतील? दुकान, दवाखाना, शिकवणी, धुणीभांडी इथे तो कायदा पोचत नाही. तिथे शेजारच्यांनाच पोचावं लागतं. तिसरी गोष्ट साधी. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच खोली मुलांना, बाकीचा वेळ गुडघ्यांना, असं जमणार नाही का? फिजिओथेरपीवाले संध्याकाळीच येतात. साडेसहापर्यंत थांबणारी दोन-तीन मुलं तेवढा वेळ आमच्या घरी बसू शकतात, सौ. तयार आहेत, मी विचारलं आहे.

ताई आता थकल्या आहेत. जुलैपासून त्यांची भाची काम पाहते. त्या जिन्यावरच्या मुलीनं नर्सिंग पूर्ण केलं आणि मागच्या महिन्यात ती पेढे घेऊन आली, तेव्हा आधी खालच्या घरात गेली, मग वर आमच्याकडे.

२००१ च्या सभेत मी विरोधात हात वर केला होता आणि ठराव माझ्याशिवाय झाला. या वेळी माझा हात बाजूनं असेल. सभासदांना विनंती एवढीच, की मतदानाआधी ही पाच रजिस्टरं एकदा चाळावीत. ती ऑफिसात टेबलावर ठेवली आहेत. सहावं कोरं रजिस्टर मी आणून भाचीबाईंच्या हातात दिलं आहे. त्यांनी पहिल्या पानावर पावसाळ्याचं पत्र लिहून दाराला प्रतही लावली आहे. पहिली सूचना कूलरची आहे. आमचा मी कालच कोरडा केला, आपणही करावा.